न ऐकलेल्या बँडची कादंबरी

पत्र

नमस्कार. मी मिरजेत राहते, घरीच सतार शिकवते. वय सेहेचाळीस. रॉक संगीताशी माझा संबंध शेजारच्या मुलाच्या बाइकवरच्या स्टिकरपुरता. दिवाळीत पुण्याहून आलेला भाचा ग्रेडी हेंड्रिक्स यांची ‘वी सोल्ड अवर सोल्स’ ही इंग्रजी भयकादंबरी आमच्याकडे विसरून गेला. नव्वदच्या दशकात मोडलेला एक मेटल, म्हणजे जड, कर्कश रॉक वाजवणारा बँड. त्यात गिटार वाजवणारी क्रिस आता हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करते, आणि बँडचा जुना गायक मात्र जगप्रसिद्ध झालाय. तो कसा झाला, याचं उत्तर भयंकर आहे. सहज चाळायला घेतली, ती संपवूनच खाली ठेवली. जमिनीखालच्या अरुंद वाटेतून क्रिस सरपटत जाते ते वाचल्यावर काही रात्री खोलीचं दार उघडं ठेवून झोपले.

भाच्याला कौतुकाने सांगायला गेले तर म्हणाला, “मावशी, ही गाणी ऐकल्याशिवाय तुला पुस्तक कळलंच नसणार.” वर चाळीसेक गाण्यांची यादी पाठवली. दोन ऐकली, डोकं दुखायला लागलं. आमचे हे म्हणतात, असलं सैतानाबियतानाचं घरात कशाला? वाचनालयातल्या आमच्या बायकांच्या गटात विषय काढला तर सगळ्या हसल्या. जो आवाज मला सोसत नाही, त्याच्यावरची कादंबरी मला एवढी आवडली, हे आवडणं खरं म्हणायचं का? यादी पुरी करू का? आणि असं आणखी काही वाचायला आहे का?

— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई, यादी आधी बाजूला ठेवा. भाच्याचा हेतू चांगला असेल, पण एक गोष्ट त्याच्याही लक्षात आलेली नाही. कादंबरीतला डर्ट वर्क हा बँड त्यानेही ऐकलेला नाही. कुणीच ऐकलेला नाही. तो बँड हेंड्रिक्स यांनी कागदावर उभा केलाय. ज्या ‘ट्रॉग्लोडाइट’ अल्बमभोवती सगळं कथानक फिरतं, तोही कागदावरच आहे. म्हणजे ती गाणी प्रत्येक वाचकाला आपापल्या डोक्यातच वाजवावी लागतात. भाच्याच्या डोक्यात त्याच्या आवडीचे बँड वाजले असतील, तुमच्या डोक्यात बहुधा खर्जाची तार वाजली असेल. त्याचं बरोबर आणि तुमचं चूक असं ठरवणार कोण?

प्रकरणांना मेटल अल्बमची नावं दिली आहेत, अधूनमधून जुन्या बँडचे उल्लेख येतात, ते तुमच्या डोक्यावरून गेले असणार. जाऊ देत. जाणकाराला ते वाचताना गंमत येते, पण पुस्तक त्यांच्यावर उभं नाही.

ते कशावर उभं आहे हे तुम्हाला पहिल्याच पानावर कळलं असावं, फक्त तुम्ही ते पत्रात लिहिलेलं नाही. पुस्तक उघडतं तेव्हा लहानगी क्रिस तळघरात गिटारवर वाकून बसलीय आणि ब्लॅक सबाथ या बँडच्या ‘आयर्न मॅन’ची सुरुवात वाजवायला धडपडतेय. बोट नीट दाबलं जात नाही, स्वर लागत नाही, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडे येणारी मुलं पहिल्या महिन्यात वेगळं काय करतात? डाव्या हाताची तर्जनी तारेने कापते, आई विचारते “एवढं लागतंय तर सोडायचं का?”, आणि काही मुलं तरीही सोडत नाहीत. रियाजाची ही बाजू ज्याने स्वतःच्या बोटांवर सोसली आहे, त्याला क्रिस कळायला मेटल यावं लागत नाही. मला तर वाटतं, हे पुस्तक नुसतं मेटल ऐकणाऱ्यापेक्षा कुठलंही वाद्य रोज हातात धरणाऱ्याला जास्त लागतं.

त्यातही ब्लॅक सबाथची निवड साधी नाही. टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. वाजवणं संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचाही हात आगीत भाजला होता आणि दोन बोटं निकामी झाल्यावरही तो गिटार वाजवत होता. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या. 1971 च्या अल्बमपासून तर तारा उतरवूनच लावायला लागला, कारण सैल तार दाबायला सोपी. स्वर खाली गेला, जड झाला. पुढच्या पन्नास वर्षांत मेटलवाल्यांनी जो खर्ज उचलला त्याच्या मुळाशी एका कामगाराची तुटलेली बोटं आहेत, हे मला कुठल्याही भूतकथेपेक्षा जास्त अंगावर येतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आवडणं खरं की खोटं. तुम्ही घाबरलात ते कशाला? सैतानाला घाबरलात असं मला वाटत नाही. त्या बँडच्या आयुष्यातली करारावर सह्या करायची जी रात्र आहे, तिला घाबरलात. एक जण सगळ्यांच्या वतीने सौदा करतो, बाकीच्यांची गाणी, वर्षं, मैत्री त्यात जातात, आणि पुढे त्यांना आपलंच आयुष्य परक्याचं वाटायला लागतं. आत्मा विकण्याची गोष्ट जुनीच आहे. अमेरिकेत ती ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या नावावर चिकटलेली आहे. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतान भेटला आणि त्याने गिटार लावून दिली, अशी ती दंतकथा. खरा जॉन्सन 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. हेंड्रिक्स यांनी चौरस्त्याच्या जागी कागद आणि सही आणली, आणि तिथे गोष्ट आजची झाली.

आणि हे कादंबरीतच घडतं असं नाही. जॉन फोगर्टी हा क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचा गायक. बँडच्या गाण्यांचे हक्क फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीकडे, म्हणून तो कित्येक वर्षं स्वतःचीच जुनी गाणी मंचावर म्हणत नव्हता. 1985 मध्ये त्याने नवा अल्बम काढला, तर कंपनीने दावा लावला की यातलं एक गाणं आमच्या मालकीच्या 1970 च्या गाण्याची चोरी आहे. ते 1970 चं गाणं लिहिलेलं कुणी? फोगर्टीनेच. म्हणजे आरोप असा, की तू तुझ्यासारखा वाजवतोस. हा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि दोन्ही गाणी कशी वेगळी आहेत ते ज्यूरीला वाजवून दाखवलं. 1988 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. वकिलांच्या खर्चाचा वाद मात्र 1994 पर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. उद्या कुणी तुम्हाला सांगितलं की तुमची मींड, तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं, आमच्या मालकीची आहे, तर झोप लागेल का? ही भीती संगीतातल्या माणसाला ओळखीची असते. तुमचं आवडणं तिथून आलंय. शंभर टक्के खरं आहे.

तुम्ही नारायण धारप वाचत वाढलात की नाही ते पत्रात नाही, पण आपल्या वयाच्या वाचनालयवाल्यांनी ते वाचलेले असतातच. धारपांच्या समर्थ-कथांत कितीही अघोरी काही उभं राहिलं तरी त्यांचे नायक समर्थ येतात. त्यांना जाण असते, अधिकार असतो, आणि आपण पान उलटताना मनात कुठेतरी निर्धास्त असतो. हेंड्रिक्स यांच्याकडे येणारं कुणी नाही. क्रिसकडे मंत्र नाही, गुरू नाही, पैसा तर नाहीच. तिला जे येतं तेवढंच आहे, गिटार वाजवता येते. रात्री दार उघडं ठेवावंसं वाटलं, त्याचं एक कारण मला हे दिसतं.

पुस्तकात उणं आहे, तेही सांगते, नाहीतर म्हणाल की फारच बाजू घेतली. ज्या अदृश्य शक्तीशी सौदा होतो ती शेवटपर्यंत धूसर राहते. सुरुवातीला तो धूसरपणा चालतो, नंतर लेखकाने थोडा टाळाटाळीचा मार्ग धरला असं वाटतं. गायक टेरीला आतून फारसं दाखवलेलं नाही. लोभी म्हणून सोडून दिलाय. मला तो जास्त हवा होता. कारण बँडमधला सगळ्यात भित्रा माणूसच पहिली सही करतो, असा माझा आपला अंदाज.

तुमच्या यजमानांचं म्हणणं थोडक्यात उरकते. त्यांना सांगा, या पुस्तकात सैतानाची पूजा कुणी शिकवत नाही. ज्यांनी सौदा केला त्यांचे हाल काय होतात ते आहे. कीर्तनातसुद्धा असुर येतोच की. आणि मेटलला सैतानी ठरवण्याचा इतिहास फार वाईट आहे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, वेस्ट मेम्फिस गावी तीन लहान मुलांचे खून झाले. तीन किशोरवयीन मुलांना पकडलं. खटल्यात त्यांच्यातल्या एकाचे काळे कपडे, तो ऐकत असलेलं मेटल आणि वाचत असलेली पुस्तकं यांचा सैतानी विधीचा पुरावा म्हणून वापर झाला. 1994 मध्ये दोषी ठरलेली ती मुलं सुटली 2011 मध्ये. एकाला तर फाशीची शिक्षा झाली होती. घरात पुस्तक आलं म्हणून काय होतं आणि पुस्तकाला भिऊन काय होतं, याचा हिशेब यजमानांनीच मांडावा.

आता ऐकण्याबद्दल. ऐकू नका असं मी म्हणत नाही. चाळीस गाणी ऐकू नका. डोकं दुखलं ते साहजिक आहे. गिटारचा तो खरखरीत, फाटलेला आवाज म्हणजे अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताण दिला की स्वराच्या अंगावर उपस्वरांचं रान माजतं, ते. हे तुम्हाला नवीन वाटायला नको. सतारीच्या घोडीवरची जवारी तुमच्याच गावातले कारागीर कानसने घासघासून उघडतात, ती कशासाठी? तार घोडीवर टेकत टेकत वाजावी, उपस्वर फुटावेत, आवाज नुसता टणक न राहता झणकारावा यासाठीच. मेटलवाल्यांनी हेच काम विजेकडून करून घेतलं आणि प्रमाणाबाहेर नेलं. फार उघडी जवारी तासभर कानाशी धरली तर कुणाचंही डोकं उठेल.

म्हणून एकच गाणं घ्या. ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं. बँडचं, अल्बमचं आणि गाण्याचं नाव एकच, ब्लॅक सबाथ. 13 फेब्रुवारी 1970 ला आला, शुक्रवार होता. रेकॉर्डिंग जवळपास एका दिवसात उरकलेलं. दिवसाउजेडी, स्पीकरवर, आवाज बेताचा ठेवून लावा, आणि सतार मांडीवर घ्या. आधी पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा ऐकू येईल. मग गिटार येईल. तीनच स्वर आहेत. खालचा सा, लगेच वरचा सा, तिथून उतरून तीव्र मध्यम, आणि त्या मध्यमावर थरथर. पुन्हा सा, सा, तीव्र मध्यम. पट्टी जुळवायची गरज नाही, तुमच्या षड्जावर वाजवून बघा.

युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या या अंतराला सैतानाचं नाव चिकटलेलं आहे. तुम्हाला हसू येईल, कारण आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये लहान मुलांना शिकवतात आणि कुणी दचकत नाही. मग तिथे तो भीतिदायक का होतो? वाजवताना तुमच्याच हाताला कळेल. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाच्या ओढीने उभा असतो. या गाण्याच्या सुरुवातीत पंचमावर येऊन विसावतच नाहीत. वाट बघायला लावतात आणि पुन्हा खालच्या सा वर आणून सोडतात. तुम्हाला मारवा आठवेल, तिथेही पंचम नाही आणि षड्जसुद्धा सहजी हाती देत नाहीत, तेव्हा संध्याकाळी जीव कसा कासावीस होतो. हेंड्रिक्स यांची भुयाराची पानं याच युक्तीवर चालतात. दगड पाठीला लागतो, छातीला लागतो, श्वास सोडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि मोकळी जागा येईल येईल म्हणताना वाट आणखी चिंचोळी होते.

गाणं आवडलंच तर ‘आयर्न मॅन’ची फक्त सुरुवात ऐका. ढोलाचे जड ठोके पडतात आणि त्यावर एक खर्जाची तार वाकत वाकत खाली जाते. ती मींड आयोमीने पडद्यावर बोटाने ओढलेली नाही. गिटारच्या मानेवर जिथून तार खुंट्यांकडे जाते, तिथे मेरूच्या, म्हणजे तार टेकते त्या पट्टीच्या, पलीकडे दाबून काढलीय. लहानगी क्रिस तळघरात ज्याच्या मागे लागली होती ते गाणं हे. त्यानंतर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. नाही आवडलं तर बंद करा. पुस्तकाचं त्याने काही बिघडत नाही.

झोपेचं काय? भयकादंबरी रात्री अंथरुणात वाचायची असते हा समज कुणी पसरवला कोण जाणे. दुपारी चहाबरोबर वाचा, शिकवणीला मुलं यायच्या आधी. अशा वेळी थांबावं लागतं ते बरंच. दार उघडं ठेवून झोपलात यात लाजण्यासारखं काही नाही, पुस्तकाने आपलं काम केलं एवढंच.

वाचनालयातल्या बायका हसल्या, त्या विषयाला हसल्या. त्यांना “रॉकवरची भुताची कादंबरी” असं सांगितलंत तर दुसरं काय होणार? पुढच्या वेळी फोगर्टीची गोष्ट सांगा आणि मग विचारा, यावर कादंबरी असेल तर वाचाल का. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा याच गटात फिरल्या असतील ना? त्या वाचताना कुणी हसलं होतं का?

पुढे काय वाचायचं, तर जो हिल यांची ‘हार्ट शेप्ड बॉक्स’, 2007 ची. हे स्टीफन किंग यांचे चिरंजीव, पण वडिलांचं आडनाव न लावता लिहितात. म्हातारपणाकडे झुकलेला रॉक गायक ज्यूडस कॉइन विचित्र वस्तू जमवत असतो. इंटरनेटवर कुणीतरी मेलेल्या माणसाचा सूट, भुतासकट, विकायला काढतं आणि हा गडी हजार डॉलरला तो घेतो. सूट घरी येतो हृदयाच्या आकाराच्या काळ्या खोक्यातून. भुताच्या डोळ्यांवर कुणी पेनने गिरगटल्यासारख्या काळ्या रेघा हलत असतात. हे वाक्य लिहितानाही मी एकदा मागे वळून पाहिलंय. त्याच्या दोन कुत्र्यांची नावं अँगस आणि बॉन, एसी/डीसी या बँडमधल्या दोघांवरून ठेवलेली, आणि ही कुत्री तुम्हाला माणसांपेक्षा जास्त आवडतील. यात संगीत कमी आणि पस्तावा जास्त आहे. आत्महत्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे उल्लेख आहेत, ते जड जात असतील तर हे पुस्तक तूर्त नको.

दुसरी, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘दि आर्मगेडन रॅग’, 1983 ची. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले मार्टिन ते हेच. एका गाजलेल्या बँडच्या गायकाला 1971 मध्ये भर मैफलीत गोळी घातली जाते आणि काही वर्षांनी तो बँड पुन्हा उभा राहायला लागतो, असा विषय. बाजारात कादंबरी आपटली आणि मार्टिन टीव्हीसाठी लिहायला वळले. मला विचाराल तर ती तेवढी वाईट नाही, पण संथ आहे. साठच्या दशकातल्या अमेरिकन तरुणांच्या आठवणींत लेखक इतका रमलाय की भूत बराच वेळ दाराबाहेरच ताटकळतं. आधी हिल घ्या. मार्टिन मिळालं तर पहिली पन्नासेक पानं बघा, पकड घेतली नाही तर खुशाल परत करा.